मळ्यातलं स्वयंपूर्ण घर: खान्देशात सगळं मे महिन्याच्या मापानं उभारा

गावापासून लांब, स्वतःच्या शेतात, विजेच्या तारेशिवाय आणि टँकरची वाट न बघता राहायचं तुमच्या डोक्यात असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आम्ही या सगळ्यातून गेलो आहोत. काय आधी करायचं आणि काय मागे ठेवायचं, याचा घोळ नव्या माणसाचा फार होतो. सोलरची जाहिरात बघून सुरुवात सोलरपासून होते आणि पाण्याची टाकी राहून जाते.

संकट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भूकंप येतो. आपल्याकडे ते बहुतेक वेळा सावकाश येतं. एक पावसाळा कोरडा, दुसरा अर्धा, आणि मधे ४५ अंशांचा मे. ७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकल्या असतीलच. २०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद पडला की काय होतं ते आपणच बघितलं. त्यात तापी, वाघूर, पांझरेचे पूर आहेत, आणि मे-जूनच्या वादळात रावेर-यावलकडे एका तासात आडव्या होणाऱ्या केळीच्या बागा आहेत. म्हणून कुठलीही वस्तू घेताना एकच प्रश्न विचारायचा: ही २५ मेला दुपारी तीन वाजता काम देईल का? पुढची सगळी मापं याच प्रश्नावर बेतलेली आहेत. हिशोब पाच माणसांच्या घराचा धरला आहे.

१. जागा आणि कागद

बांधकामाच्या आधी कागद. हे जवळ ठेवा:

- चालू सातबारा आणि ८-अ
- जुने फेरफार, निदान ३० वर्षांचे
- गटाचा नकाशा आणि मोजणीची 'क' प्रत
- सामाईक खातं असेल तर बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्र
- विहीर किंवा बोअरची सातबाऱ्यावरची नोंद

सातबाऱ्यावर 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. बोजा, कुळ, वाटणीचा वाद, सगळं तिथे लपलेलं असतं. जमीन नवीन घेत असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. महाराष्ट्रात शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते. दुसरं, नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला शासनाच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही. 'स्टँपवर लिहून देतो, नंतर बघू' असं कुणी म्हणालं तर चहा प्या आणि उठा.

रस्ता. नकाशावर रस्ता नसेल आणि शेजाऱ्याच्या बांधावरून वहिवाट असेल, तर ती आजच कागदावर आणा. बांधावरच्या रस्त्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाडीसुद्धा रुतते आणि बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस त्याच रस्त्यानं न्यायचा असतो.

नदीकाठ दिसायला छान. पण पाटबंधारे खात्याची पूररेषा बघितल्याशिवाय पाया खणू नका. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर लाल रेषेच्या वर असावं. शेत खाली असलं तर चालतं, उलट गाळ मिळतो.

२. पाणी

या भागावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण बाकीचं चुकलं तर निस्तरता येतं.

आधी भूगोल समजून घ्या. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेर-चोपड्याकडे, गाळाची खोल जमीन आहे. तिथे पाणी आहे, पण ते उपसून उपसून खोल गेलं आहे. धुळे, साक्री, पारोळा, चाळीसगावकडे काळा पाषाण आहे. तिथे पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असतं, शेजारी बोअरला लागलं म्हणून तुम्हाला लागेलच असं नाही. पाणाड्याचा नारळ हातात उभा राहतो तो राहू द्या, पण आजूबाजूच्या विहिरींना मे महिन्यात किती पाणी राहतं ते आधी स्वतः जाऊन बघा. विहीर सरकारी योजनेतून काढणार असाल, तर सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत ती मंजूर होत नाही.

आता हिशोब. पिणं आणि स्वयंपाक, माणशी दिवसाला ८ लिटर धरा. ऑक्टोबरपासून जूनच्या मध्यापर्यंत २५० दिवस. पाच माणसांचे १० हजार लिटर झाले. हे पाणी वेगळं, कुलूपबंद, छताचं. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर गळती-उडती वजा जाता ४४ हजार लिटर हाती येतं. पाऊस निम्मा झाला तरी २२ हजार. म्हणजे सगळ्यात वाईट सालीसुद्धा पिण्याची टाकी भरते, फक्त टाकी बांधलेली पाहिजे. १५ हजार लिटरची जमिनीखालची टाकी बांधा. जमिनीखाली अशासाठी की पत्र्याच्या शेडवर ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी मेमध्ये चहालाच वापरता येतं.

टाकीचे बारकावे:

- पहिले दोन-तीन पाऊस बाहेर सोडून द्यायचे. उतरत्या पाइपला खाली एक वेगळा तुकडा आणि झाकण बसवा. स्लॅबवरची कबुतरांची घाण, धूळ, कडुनिंबाच्या लिंबोळ्या सगळं त्यात उतरतं. झाकण काढलं की पहिल्यांदा चहासारखं लाल पाणी येतं, मग फिकट, मग स्वच्छ. स्वच्छ झालं की मगच टाकीकडे वळवा.
- टाकीत उजेड जाता कामा नये, नाही तर शेवाळ धरतं. हवेच्या पाइपला बारीक जाळी लावा, नाही तर डेंग्यूचा डास तिथेच संसार मांडतो.
- भरून वाहणारं पाणी खडी-वाळूच्या खड्ड्यातून विहिरीत सोडा.
- पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हजार लिटरला ५ ग्रॅम. बादलीत कालवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी टाकीत ओता, अर्धा तास थांबा. पिशवी उघडी राहिली की पावडरीतला दम जातो, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात, सावलीत ठेवा.

आंघोळ, भांडी, जनावरं यांचं पाणी विहिरीचं किंवा शेततळ्याचं. मोठ्या जनावराला उन्हाळ्यात दिवसाला ५० लिटर लागतात. तीन जनावरांचे त्याच २५० दिवसांत ३७ हजार लिटर होतात. लोक हे धरतच नाहीत आणि एप्रिलमध्ये बैल विकायला काढतात.

शेततळ्याबद्दल दोन शब्द. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्यात सुमारे २० लाख लिटर पाणी बसतं, ऐकायला भारी वाटतं. पण आपल्याकडे मेमध्ये दिवसाला सेंटिमीटरभर पाणी सहज उडतं. ९०० चौरस मीटरच्या तळ्यातून ते रोजचे ९ हजार लिटर झाले. तुमच्या पाच माणसांचं वर्षाचं पिण्याचं पाणी दीड दिवसात वर गेलं. म्हणून घरापुरतं तळं अरुंद आणि खोल काढा, ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरा, जमलं तर शेडनेट ताणा. आणि कुंपण हवंच. ओल्या कागदावरून माणसाला वर चढता येत नाही. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर आणि दोन जुन्या ट्यूब कायम सोडलेल्या असू द्या.

शेवटचा सापळा बोअरचा. सबमर्सिबल जळाली की बोअरमधलं पाणी हातानं निघत नाही. आमच्या शेजारचे आबा हे एका वाक्यात सांगतात: "मोटर जळनी ते पाणी काय मोबाईलमा दखशी का?" विहीर असेल तर रहाट आणि दोर कायम बसवून ठेवा. नुसतं बोअर असेल आणि पाणी ४०-४५ मीटरच्या आत असेल, तर हापसा बसवता येतो. त्याहून खोल असेल तर सुटी मोटर घरात पाहिजे.

३. घर

काळ्या मातीत पाया घेऊ नका. ती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते आणि भिंतींना तडे देते. मुरूम लागेपर्यंत खणा, नाही तर मुरमाची जागा निवडा.

जुनी धाब्याची घरं थंड का राहायची हे आत जाऊन बघा: हात-दीड हात जाडीच्या भिंती, वर लाकूड आणि मातीचा जाड थर, लहान खिडक्या. तसं पूर्ण घर आज बांधायला गवंडी सापडणं कठीण, आणि दरवर्षी धाब्याला माती घालण्याचं काम कुणाला नको असतं. पण भिंत जाड ठेवता येते, स्लॅबला मार्चमध्ये चुन्याचे दोन हात देता येतात, पश्चिमेला कडुनिंब आणि पडवी ठेवता येते. एवढ्यानं पंखा पुरतो. नुसत्या पत्र्याचं घर स्वस्त पडतं, पण दुपारी त्याच्याखाली बसवत नाही आणि वादळात तेच पत्रे शेजारच्या शेतातून गोळा करावे लागतात. पत्रा टाकायचाच असेल तर गोठ्यावर टाका, हुकांसकट आणि आडव्या पट्ट्या मारून.

४. धान्य

मोठ्या माणसाला वर्षाला दीड क्विंटल धान्य लागतं. पाच जणांचं साडेसात, आणि दोन वर्षांचा साठा हवा म्हणजे १५ क्विंटल. डाळी वर्षाला एक क्विंटल. मीठ २५ किलो, ते विसरू नका, ते शेतात पिकत नाही.

आपल्याकडचं खाणं मुळातच या कामाला बरं आहे. दादर (आपली रब्बी ज्वारी), बाजरी, आणि ज्वारीत उडीद घालून दळलेलं कळणं. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कांदा असला की भाजी नसली तरी जेवण होतं, शिवाय डाळ पोटात जाते. तांदळावर घर चालवायला जाल तर बाजाराची दोरी गळ्यात राहीलच.

तेलाचे डबे भरून ठेवू नका, ते खवट होतं. भुईमुगाच्या शेंगा ठेवा आणि लागेल तसं घाण्यावरून काढून आणा. पाच माणसांच्या वर्षाच्या ६० किलो तेलाला अडीच क्विंटल शेंगा धरा.

साठवणीत ओल हाच शत्रू. दाणा दाताखाली धरा; 'कट्' असा आवाज होऊन तुटला तर वाळला, दबला तर अजून दोन उन्हं द्या. वाळवलेलं धान्य ऊन-ऊन कोठीत भरू नका, रात्रभर सावलीत निवू द्या, नाही तर आत घाम धरतो. पत्र्याची घट्ट झाकणाची कोठी, तळाशी आणि वर कडुनिंबाचा वाळलेला पाला. तूर-हरभरा अख्खा ठेवला की भुंगे लागतात, म्हणून डाळ करून ठेवा किंवा एरंडेलाचा हात फिरवा.

सेल्फॉसच्या गोळ्या राहत्या घरातल्या धान्यात कधीही टाकू नका. त्या गोळीतून निघणारा वायू झोपलेल्या माणसांना मारतो. जुनं पेव, म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार, उघडणार असाल तर त्यात लगेच उतरू नका. आत कोंडलेली हवा विषारी असते आणि एकाला काढायला उतरलेला दुसराही वर येत नाही.

ज्या उन्हाला आपण शिव्या देतो ते वाळवणाला सोन्यासारखं आहे. बिबडे, कुरडया, शेवया, सांडगे, वाळवलेली गवार, मेथी, मिरच्या. मार्च-एप्रिलमध्ये घरातल्या आणि शेजारच्या बाया एकत्र बसल्या की वर्षाचं काम आठवड्यात उरकतं. नव्या माणसानं हे यूट्यूबवरून शिकण्यापेक्षा गावातल्या एखाद्या मावशीच्या हाताखाली बसावं. बिबड्याच्या घाट्याचा अंदाज व्हिडिओत येत नाही.

बियाणं: दादर, बाजरी, तूर, उडीद, मूग, भरताची वांगी, गिलकी, गवार, मिरची यांचं सरळ वाणाचं बी स्वतः धरा. संकरित किंवा बीटी कपाशीचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच पीक येत नाही. प्रत्येक बी दोन घरी ठेवा, एक आपल्या, एक नातेवाइकाच्या.

५. वीज

आधी काय चालवायचं ते लिहा. चार एलईडी ५ तास, दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे १५ तास, मोबाईल आणि रेडिओ: दिवसाला साधारण सव्वा युनिट. त्याला ५०० वॉटचं पॅनेल आणि २४ व्होल्ट १०० अँपिअरची लिथियम बॅटरी पुरते. साधी ट्युब्युलर घेणार असाल तर १२ व्होल्ट १५० अँपिअरच्या दोन, कारण ती निम्म्याच्या खाली उतरवायची नसते.

खान्देशातला सापळा उष्णतेचा आहे. ऊन जास्त म्हणून वीज जास्त, असं विक्रेते सांगतात. प्रत्यक्षात पॅनेल तापलं की उत्पादन घटतं. मेच्या दुपारी कागदावरच्या आकड्यापेक्षा १५ टक्के तरी कमी धरा. पॅनेल स्लॅबपासून फूटभर उंच बसवा, खालून वारा खेळू द्या, आणि वावटळीची धूळ सकाळी सकाळी पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बॅटरीचं तर विचारूच नका. शिशाची बॅटरी २५ अंशांच्या वर प्रत्येक १० अंशांना आयुष्य निम्मं करत आणते. ती घरातल्या सगळ्यात थंड, पण हवा खेळती असलेल्या खोलीत ठेवा, पत्र्याच्या शेडमध्ये नको.

कूलर ताशी ५ लिटरच्या वर पाणी पितो. ज्या घराला पाण्याचा हिशोब आहे त्यानं वाळ्याचा पडदा आणि पंखा यांवर भागवावं. घरघंटी ठेवलीच तर दुपारी बाराला चालवा, आणि शेजारी जातं असू द्या.

शेतीच्या पंपासाठी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ एचपी, त्यावर साडेसात. सातबाऱ्यावर पाण्याच्या स्रोताची नोंद नसेल तर अर्ज तिथेच अडकतो, म्हणून ती नोंद पहिल्या टप्प्यात सांगितली.

अर्थिंग आणि वीजरोधक यांवर पैसे वाचवू नका. मोबाईलवर 'दामिनी' ॲप टाका, विजेचा इशारा देतं.

६. चूल

गॅसची टाकी असू द्या, पण त्यावर विसंबू नका. २ घनमीटरच्या बायोगॅसला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणजे चार-पाच मोठी जनावरं. दुष्काळात शेण घटतं, पाणी घटतं, आणि गॅस नेमका तेव्हाच बंद पडतो. तेव्हा पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांचा वर्षाचा साठा पावसाआधी शेडखाली हवाच. धूर बाहेर काढणारी चूल बांधा. पऱ्हाट्यांची गंजी घरापासून लांब रचा.

७. जनावरं

एक गाय, दोन बैल, चार शेळ्या, दहा-पंधरा गावरान कोंबड्या. याहून जास्त सुरुवातीला नको. एका बैलाला वर्षाला अडीच टन कोरडा चारा लागतो. दादर लावायचं अर्धं कारण तिचा कडबा हेच आहे. घटसर्प आणि लाळ्या-खुरकुताच्या लसी पावसाआधी टोचून घ्या. पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी नाव नोंदवलं की शिबिराचा निरोप येतो.

८. औषधं, साप, ऊन

मळ्यात साप असणारच. जमिनीवर झोपू नका, मच्छरदाणी गादीखाली खोचा, रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका, कोंबड्या झोपायच्या खोलीपासून लांब ठेवा. चावलाच तर कापू नका, आवळून बांधू नका, भगताकडे नेऊ नका. चावलेला भाग हलू न देता थेट दवाखाना, १०८ ला फोन. कुठल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आहे ते आजच विचारून ठेवा.

उन्हासाठी: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंग तापलं, घाम थांबला, माणूस बरळायला लागला, तर तो उष्माघात आहे. सावलीत न्या, अंगावर पाणी घाला, वारा घाला आणि तसाच दवाखान्यात हलवा.

९. हत्यारं

टिकाव, फावडं, पहार, घमेली, कुऱ्हाड, विळे, करवत, पटाशी, पाने, पाइप जोडायचं सामान, पंक्चरचं सामान, सुती आणि नायलॉनचे दोर, बारीक-मोठी तार, सुया-दाभण, फ्यूज, सुटा चार्ज कंट्रोलर. बॅटरीवरचा रेडिओ पण यातच धरा. मोबाईलचा टॉवर बंद पडला तरी आकाशवाणी लागते. दांडे गावच्या सुताराकडून बाभळीचे करून घ्या. लोहाराशी ओळख ठेवा, पाजणीसाठी धान्य दिलं तरी घेणारे अजून आहेत.

१०. गाव आणि रंगीत तालीम

मळ्यात एकटं राहून स्वयंपूर्ण होता येत नाही. पोळ्याला गावात जा, लग्नाला आहेर न्या, मयतीला खांदा द्या. पांझरेच्या काठावर फड पद्धतीचं पाणी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकत्र बसून वाटून घेतलं, कुणाची पाळी कधी हे ठरवून. तुमच्या विहिरीला पाणी आहे आणि शेजाऱ्याच्या नाही, असा मे कधी तरी येणारच. तेव्हा किती हंडे द्यायचे हे पाऊसपाणी चांगलं असतानाच बोलून ठेवा.

सगळं उभं राहिलं की लगेच सामान घेऊन राहायला जाऊ नका. मे महिन्यातले पंधरा दिवस घरच्या सगळ्यांना घेऊन तिथे राहा. बाजार बंद, गॅस बंद, मोटर बंद धरून चला. सासू, लहान मुलं, सगळ्यांसकट, कारण कुणाला कशाची सवय आहे ते तेव्हाच कळतं. दाराजवळच्या भिंतीवर खडूनं लिहीत जा: काय संपलं, काय तुटलं, कशासाठी गावात जावंसं वाटलं. त्या यादीतली गवंडी आणि प्लंबरची कामं मेअखेरपर्यंत उरकून घ्या. मृग लागला की सगळे पेरणीत असतात, मग दिवाळीपर्यंत माणूस मिळत नाही.